प्रश्नाचा शुक्रवार

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्या बाकावर माझा आवाज पोचत नाही, आणि ही गोष्ट तर मागच्या बाकाचीच आहे. आमच्या ग्लासगोतल्या चर्चच्या मंडळीत घडलेली, एका पत्रापासून सुरू झालेली. पत्र मी लिहिलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याच पत्राने एका माणसाची मान अडकवली. कशी अडकली आणि पुढे काय झालं, तेवढं सांगतो. मधेच एखादं स्तोत्र ओठांवर आलं तर ते आवरेन, पण तुम्ही उठू नका.

मी मर्डो मॅकिव्हर. सव्वीस वर्षं या शहरात बस चालवली, आता मंडळीचा चिटणीस आणि तिचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक. आमची मंडळी म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरून पोटासाठी इथे आलेल्यांची, त्यांच्या मुलांची आणि नातवंडांची. दुपारची उपासना अजून गॅलिकमध्ये, बेटांवरच्या जुन्या भाषेत, होते. वाद्य नाही. एक जण ओळ पुढे टाकतो आणि बाकीचे ती उचलतात, ज्याचा गळा जसा वळेल तशी. पाळक बोलायला उभे राहतात तेव्हा आधी साधंच बोलतात. अर्धा तास गेला, आत ऊब आली, की त्यांचं बोलणं दोन-तीन सुरांवर चढतं आणि तिथेच राहतं. आमच्याकडे त्याला गाणं म्हणायची पद्धत नाही. पण गाणंच असतं ते. त्या दोन-तीन सुरांसाठी मी लहानपणी तीन मैल चालत गेलो आहे आणि आजही जाईन.

आमच्यात प्रभुभोजन वर्षातून दोनदा. पांढरं कापड घातलेलं लांब मेज, त्यावर भाकर आणि द्राक्षरस. मेजाशी बसायचं त्याने आदल्या दिवशी शनिवारी वडीलजनांकडून शिशाचा छोटा बिल्ला घ्यायचा. आता एक हिशेब सांगतो म्हणजे पुढचं कळेल. रविवारी आमच्याकडे दीडशे माणसं येतात. मेजाशी बसणाऱ्यांच्या पटावर नावं एकतीस. बाकीची माणसं काही कमी भाविक नाहीत. घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतील, एकही उपासना चुकवणार नाहीत, आणि तरी मेजाशी जाणार नाहीत. आपण त्या जागेला लायक आहोत असं कुठल्या तोंडाने म्हणायचं, असं त्यांना वाटतं. जन्मभर मागच्या बाकावर बसतात आणि तिथूनच जातात. त्यांना कुणी कमी लेखत नाही. खरं सांगायचं तर आम्ही पटावरचे लोकच त्यांच्यापुढे जरा दबून असतो.

पेगी-ॲन मॅकॉले अशांपैकी एक. वय एक्याऐंशी. पूर्वी मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका होती, त्यामुळे अजूनही बोलते ती हुकूम दिल्यासारखी. एकोणसाठ वर्षं आमच्या मंडळीत, डाव्या हाताचा शेवटचा बाक, भिंतीकडची जागा. मेजाशी एकदाही नाही.

तिच्या शेजारी तीन वर्षं बसणारा माणूस म्हणजे फर्शीद. इराणमधल्या शिराझचा, चौतीस वर्षांचा, लिफ्टा दुरुस्त करणारा. तिकडे काही मित्रांबरोबर एका घरात गुपचूप ख्रिस्ती प्रार्थनेला जायचा, कारण तिकडे धर्म बदलणाऱ्याला पकडतात. तिथेच कुणाच्या तरी न्हाणीघरात त्याचा बाप्तिस्मा झाला. कागद अर्थातच कुणी दिला नाही. पुढे त्या घरातली चार माणसं पकडली गेली, आणि हा सीमा ओलांडून, फिरत फिरत आमच्या शहरात आला आणि आश्रय मागून बसला. सरकारने त्याला सतराव्या मजल्यावर जागा दिली. त्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते. दुरुस्त करायची त्याला परवानगी नाही, कारण अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करता येत नाही. तो जिन्याने चढतो.

आमच्याकडे तो आला तो एका कोटासाठी. मंगळवारी मंडळीच्या सभागृहात लॉरेन डॉकर्टीचं मदतकेंद्र चालतं. लॉरेन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. एके पहाटे सरकारी माणसांनी तिच्या जिन्यावरचं एक कुटुंब पोरांसकट देशाबाहेर काढायला उचलून नेलं, तेव्हापासून त्या जिन्यावरच्या अकरा बायका एकत्र आल्या. आश्रय मागणाऱ्यांना गरम सूप, जुने कोट, अर्ज भरायला मदत. आणि त्यांचा एक नियम आहे, सरकारी दारात कुणी एकट्याने जायचं नाही. अर्ज चालू असताना कचेरीत हजेरीची सही करावी लागते, आणि कधी माणसाला तिथूनच उचलतात; म्हणून सहीला जाणाऱ्याने घराची किल्ली बाहेर थांबलेल्या बाईकडे द्यायची. दीड तासात तो बाहेर आला नाही तर ती वकिलाला फोन करते. किल्ली हातात असली की विसरायला होत नाही, असं लॉरेन म्हणते. देवाधर्माचं तिला काही नाही. पण सभागृह आमचं, आणि चाव्या माझ्याकडे, म्हणून ओळख.

तर त्या मंगळवारी पाळक पलीकडच्या खोलीत एका मयताच्या घरच्या मंडळींपुढे गॅलिकमध्ये बोलत होते. बोलणं वर चढलं. फर्शीद एक बाही घातलेला कोट तसाच अंगावर ठेवून भिंतीशी उभा राहिला.

लॉरेन म्हणाली, "दुसरा हात घाल की रे. आणि मर्डो, तुमचे पाळक बोलता बोलता रडायला का लागतात?"

"रडत नाहीत. तसंच बोलतात."

फर्शीद म्हणाला, "माझे आजोबा असेच बोलायचे. मोहरमच्या शोकाच्या महिन्यात, आमच्या गल्लीत. सगळी माणसं छातीवर हात ठेवून ऐकायची. मला यांचा एक शब्द कळत नाही, मर्डो आगा. पण हा माणूस कुठे चाललाय ते कळतंय."

पुढच्या रविवारी तो आला आणि रिकामी जागा दिसली म्हणून पेगी-ॲनशेजारी बसला. तिने त्याच्याकडे न बघता पेपरमिंटची गोळी पुढे केली. ती आमच्याकडे ओळखीची रीत. पहिल्या प्रभुभोजनाला लोक उठून मेजाकडे गेले तेव्हा त्याने विचारलं, "तुम्ही नाही जात, पेगी-ॲन खानम?"

"ज्याला बोलावलंय तो जातो. माझं नाव मी अजून ऐकलेलं नाही."

तो थोडा विचार करून म्हणाला, "मग मीही ऐकत बसतो."

झालं. त्या दिवसापासून तो मागच्या बाकाचा झाला. आम्हाला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. उलट आमच्यातलाच एक म्हणून कौतुक वाटलं.

आता ते पत्र. आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याने फर्शीदबद्दल मंडळीला विचारलं होतं, सदर व्यक्तीचं नाव तुमच्या प्रभुभोजनाच्या पटावर आहे काय? मी पट उघडून बघितला आणि उत्तर लिहिलं, 'सदर व्यक्तीचे नाव पटावर नाही.' खाली सही. आमच्या बेटावर जेवढं विचारलं तेवढंच सांगणं ही सभ्यता समजतात. चहाची वेळ व्हायच्या आत पाकीट पेटीत पडलं होतं.

दोन महिन्यांनी लॉरेन सभागृहात आली ती कोट न काढताच.

"मर्डो, हे तू लिहिलंस?"

"हो."

"वाच पुढे. मोठ्याने वाच."

मी वाचलं. खात्याचा नकार होता. अकरा ओळींत लिहिलं होतं की खरोखर धर्म स्वीकारलेला माणूस तीन वर्षांत एकदाही त्या धर्माच्या मुख्य संस्कारात भाग घेणार नाही हे पटण्यासारखं नाही. त्याच्या स्वतःच्या चर्चच्या चिटणिसानेच तो सदस्य नसल्याचं कळवलं आहे. सबब त्याची श्रद्धा केवळ आश्रय मिळवण्यासाठी आहे.

"पण पटावर तर एकतीसच नावं आहेत," मी म्हटलं.

"अरे देवा! हे त्यांना लिहायचंस ना!"

"त्यांनी विचारलं नव्हतं."

लॉरेन खुर्चीवर बसली. "तुमच्या बेटावर आग लागली," ती म्हणाली, "तर कुणी विचारेपर्यंत तुम्ही गप्प बसत असाल."

मी दुसरं पत्र लिहिलं, चार पानी, सगळं समजावून. खात्याने उत्तर दिलं की हे पत्र नकारानंतर लिहिलेलं असल्याने त्याला फारसं महत्त्व देता येत नाही. मग अपील. वकील टेनंटबाई, बारीक चणीच्या, सतत घाईत असलेल्या. त्यांनी मला साक्षीला उभं करायला साफ नकार दिला. "तुमचं पत्र हाच त्यांचा मुख्य पुरावा आहे. तुम्ही स्वतःचंच समर्थन करत बसाल. त्याला रोज बघणारं दुसरं कोण आहे?"

असं पेगी-ॲनचं नाव पुढे आलं. अपील हरलं तर पुढे काय, हे फर्शीदला ठाऊक होतं. मोठ्याने तो एकदाच बोलला, सूपची भांडी विसळताना. "विमानतळावर उतरलो की त्या चौघांबरोबर माझं पाचवं नाव." मग त्याने भांडं पालथं घातलं.

सुनावणी ठरली ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी. आणि त्याच्या आधीचा रविवार नेमका आमच्या प्रभुभोजनाचा.

आमचा प्रभुभोजनाचा सोहळा गुरुवारी सुरू होतो. त्यातला शुक्रवार म्हणजे प्रश्नाचा दिवस. एखादा म्हातारा उभा राहून प्रश्न टाकतो. शब्द बदलतील, पण प्रश्न एकच असतो: खऱ्या भक्ताची खूण कोणती, आणि वरवरच्या भक्तात ती का सापडत नाही? मग पाळक एकेकाचं नाव घेऊन उठवतात आणि तो आपल्या आयुष्यावरून सांगतो. त्या शुक्रवारी आम्ही अकरा जण बोललो. एक म्हणाला, खरा माणूस स्वतःला कधी खरा म्हणत नाही. दुसरा म्हणाला, दोघेही पडतात, पण खरा पडल्या जागी रडत बसतो. तिसरा नुसताच उभा राहिला, त्याला बोलवेना, आणि बसला. मला वाटतं त्या दिवशी सर्वांत चांगलं तोच बोलला. अडीच तासांनी पाळकांनी प्रश्न मिटवला. मिटवला म्हणजे निकाल दिला असं नाही. निकाल कुणी देत नाही. दोनशे वर्षं आमचे लोक हा प्रश्न विचारतायत. खात्याने अकरा ओळींत संपवला होता.

उपासना सुटल्यावर सभागृहात चहा होता. लॉरेन तिथे मुद्दाम आली होती. फर्शीदला तिने कोपऱ्यात गाठलं.

"परवा पावाचा एक तुकडा. एवढासा. तोंडात टाकायचा आणि गिळायचा. मंगळवारी टेनंटबाई उभ्या राहून सांगतील, घेतलं हो त्याने. मिटलं."

"आणि ज्याचा पाव, त्याला काय सांगू?"

"तो समजून घेईल रे! त्याच्याकडे अनंत काळ पडलाय. खात्याकडे नाहीये."

"लॉरेन, मी इथे खोटं बोलायला आलो असतो तर पहिल्या वर्षीच बोललो असतो. तेव्हा सोपं होतं."

"खोटं कसलं? विश्वास आहे ना तुझा? मग खा."

लॉरेन पेगी-ॲनकडे वळली. ती भिंतीशी खुर्चीवर बसून बिस्किटाचा तुकडा चहात बुडवत होती.

"पेगी-ॲन, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकतो तो. रविवारी तुम्ही जाल तेव्हा दंडाला धरून घेऊन जा सरळ."

"मी जात नाही, बाळा."

"या रविवारी नाही?"

"कुठल्याच नाही."

लॉरेनने कप खाली ठेवला. "कुठल्याच म्हणजे?"

"एकोणसाठ वर्षं इथे नाही. त्याआधी बेटावर होते, तिथेही नाही. तुझा चहा निवतोय."

लॉरेन माझ्याकडे आली. तिचा आवाज खूप खाली गेला होता आणि तो वाढलेल्या आवाजापेक्षा वाईट होता. "मर्डो, ही आपली साक्षीदार. तो प्रभुभोजन घेत नाही, म्हणून खोटा ठरला. त्याला खरा म्हणायला आपण जिला नेतोय, तीही घेत नाही. तुला हे माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला रे? टेनंटबाईंना माहीत आहे?"

नव्हतं. एखादी बाई डावखुरी आहे हे जसं आपण कुणाला मुद्दाम सांगत नाही, तसं ते माझ्याकडून राहिलं होतं. दुसऱ्यांदा तेच. टेनंटबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "कागद दाखल झालेत. आता साक्षीदार बदलता येणार नाही. त्यांना फक्त सांगा, जेवढं विचारलं तेवढंच बोला." मी म्हटलं, त्याची काळजी नको.

शनिवारी मी पाळकांच्या खोलीत बिल्ले घेऊन बसलो होतो. सांगायला हरकत नाही, एक बिल्ला मी बाजूला काढून ठेवला होता. फर्शीद मागायला आला असता तर मी काही न विचारता दिला असता. पत्र माझं होतं ना. माणसं येत होती, घेत होती, जात होती. शेवटी तो आला. मी हात पुढे केला.

"मर्डो आगा, मी सांगायला आलोय. माझ्यासाठी ठेवू नका."

"विचार केलास?"

"आठवडाभर दुसरं काही केलं नाही. भीती वाटते. खूप वाटते. पण भीतीने खाल्लं तर ते मला नुसता पाव लागेल. मग माझ्याकडे काय उरलं?"

मी बिल्ला डब्यात टाकला. रविवारी लोक मेजाकडे गेले. तो आणि पेगी-ॲन बसून राहिले, मधे एक पुस्तक उघडं धरून. पाळक त्या दिवशी फार वर चढले होते. मी मेजाशी होतो, पण माझं लक्ष मेजावर नव्हतं. ते माझं मी देवापाशी कबूल केलेलं आहे.

मंगळवारची खोली लहान होती. न्यायाधीश चाळिशीच्या बाई, केस मागे घट्ट बांधलेले, पेनने स्वतः लिहून घेत होत्या. खात्याचा माणूस तरुण आणि फार सभ्य. मागे दोन खुर्च्यांवर मी आणि लॉरेन. पेगी-ॲन बाहेर बाकावर, कारण साक्षीदाराने आधी आत बसायचं नसतं.

खात्याच्या माणसाने फर्शीदला विचारलं, "परवाच तुमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन झालं ना?"

"हो."

"तुम्हाला घेता आलं असतं?"

"हो. मर्डो आगांनी दिलं असतं."

"आज सुनावणी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तरी घेतलं नाही?"

"म्हणूनच नाही घेतलं."

खात्याच्या माणसाने पान उलटलं. मग पेगी-ॲनला आत बोलावलं. ती काठी टेकत आली, बसली, आणि त्या तरुणाकडे असं बघितलं की तो नकळत ताठ झाला.

"बाई, अर्जदार मनापासून श्रद्धावान आहे असं तुमच्या लेखी निवेदनात म्हटलंय."

"नाही म्हटलेलं."

"इथे टाइप केलंय."

"टाइप वकिलांनी केलंय. मी ते खोडलंय. बाजूला सही आहे बघ."

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. सही होती. टेनंटबाईंनी डोळे मिटले.

"म्हणजे तो मनापासून श्रद्धावान आहे असं तुम्ही सांगू शकत नाही?"

"नाही."

माझ्या शेजारी लॉरेनने डोकं दोन्ही हातांत धरलं.

"का बरं?"

"कारण ते मला दिसत नाही, बाळा. मी छत्तीस वर्षं रुग्णांचा ताप मोजला. तापाला यंत्र असतं. याला नसतं. मला जे दिसलं ते विचार."

तो विचारणार नव्हता. न्यायाधीश बाईंनी विचारलं. "काय दिसलं तुम्हाला?"

"दोन वर्षांपूर्वी माझं खुब्याचं हाड मोडलं. सात आठवडे घरी पडून होते, उपासनेला जाता येईना. हा दर रविवारी उपासनेतून सुटला की माझ्याकडे यायचा आणि मला प्रवचन सांगायचा."

"त्यांना गॅलिक येतं?"

"तेव्हा शब्दही येत नव्हता. बायबलातला कुठला अध्याय तेवढा आकडा कागदावर लिहून आणायचा. आणि मग खुर्चीवर बसून गुणगुणायचा. पाळक कुठे चढले, कुठे थांबले, कुठे एकदम खाली आले, कुठे तेच तेच घोळवलं. पाऊण तास. मी डोळे मिटून पडायचे. अध्याय माहीत होता, त्यामुळे कुठल्या ओळीवर ते चढले असतील ते मला कळायचं. एकदाही चुकला नाही."

न्यायाधीश बाईंचं पेन थांबलं. "त्यांनी प्रवचन गुणगुणून दाखवलं?"

"होय, बाई. सातही."

खात्याचा माणूस म्हणाला, "पण यातून काय सिद्ध होतं?"

"ते मला ठाऊक नाही. काय दिसलं ते यांनी विचारलं."

तो जरा पुढे झुकला. लॉरेनला ज्याची भीती होती ते आता आलं. "बाई, तुम्ही स्वतः प्रभुभोजन घेता?"

"नाही."

"किती वर्षं घेतलेलं नाही?"

"कधीच घेतलेलं नाही."

"मग तुम्ही स्वतःला ख्रिस्ती म्हणवता का?"

पेगी-ॲनने काठी या हातातून त्या हातात घेतली. आयुष्यात कुणी तिला हे इतकं सरळ विचारलं नसेल. आमच्यात तसं विचारत नाहीत.

"हा प्रश्न शुक्रवारचा आहे," ती म्हणाली. "मंगळवारी मला त्याचं उत्तर देता येणार नाही."

"शुक्रवारचा म्हणजे?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

मग तिने त्यांना प्रश्नाचा दिवस सांगितला. कोण उठतं, काय विचारतं, म्हातारे कसे एकेक करून बोलतात, हे सगळं. तिच्या नेहमीच्या हुकमी आवाजात, रुग्णाची फाईल वाचून दाखवावी तसं.

"आणि शेवटी निकाल कोण देतं?"

"निकाल नाही देत, बाई. आम्ही स्तोत्र गातो आणि घरी जातो."

"मग तुम्ही एकोणसाठ वर्षं..."

"दाराशी बसले आहे. आत बोलावतील की नाही ठाऊक नाही. दार सोडून जाता येत नाही, तेवढं ठाऊक आहे." ती फर्शीदकडे वळून बघणार होती, पण साक्षीदाराने तसं करायचं नसतं असं तिला सांगितलं होतं. तिने मान सरळ ठेवली. "याचंही तेवढंच मला दिसतं. तोही उठून गेलेला नाही."

न्यायाधीश बाई खूप वेळ लिहीत होत्या. बाहेर आल्यावर लॉरेन माझ्याशी बोलली नाही. पेगी-ॲनशीही नाही. फर्शीदने पेगी-ॲनच्या कोटाची बटणं लावली. ती म्हणाली, "माझ्यामुळे बिघडलं का रे, राजा?" तो म्हणाला, "खानम, खरं सांगितलंत. मला इथे तेच तर शिकवलंत."

तीन आठवडे गेले. तीन सोमवार तो सहीला गेला. लॉरेन किल्ली मुठीत धरून बाहेर उभी राहिली आणि तो बाहेर आला. चौथ्या सोमवारच्या आधी टेनंटबाईंचा फोन आला. आम्ही सगळे सभागृहात होतो, सूपचा दिवस होता. त्यांनी एकच परिच्छेद वाचून दाखवला आणि लॉरेनने फोन मधे धरला म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

'साक्षीदाराने एकोणसाठ वर्षं प्रभुभोजन घेतलेलं नाही. तरीही तिच्या श्रद्धेवर खात्याने शंका घेतलेली नाही, आणि तिला पाहिल्यावर मलाही ती घेता येत नाही. जो निकष या बाईला लावता येत नाही, तो तिच्याच शेजारी बसून तिच्याचकडून रीत शिकलेल्या माणसाला कसा लावावा, हे मला समजलेलं नाही. दोन दिवस आधी सोपा पुरावा हाताशी असताना त्याने तो घेतला नाही, हेही मी लक्षात घेतलं आहे. अपील मंजूर.'

लॉरेन रडली आणि मग स्वतःवरच चिडली. "एवढ्या वर्षांत," ती म्हणाली, "खोडलेल्या ओळीवर जिंकलेली ही पहिलीच केस." फर्शीदने हातातलं पळीभर सूप ज्याच्या वाडग्यात घालायचं होतं त्याच्या वाडग्यात घातलं, पुढच्या माणसाला घातलं, त्याच्या पुढच्याला घातलं, आणि मग पळी ठेवून बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहिला. पेगी-ॲनला मी घरी जाऊन सांगितलं. तिने विचारलं, "त्या न्यायाधीश बाईंनी नीट जेवण केलं असेल ना त्या दिवशी? फार फिकट दिसत होत्या."

आता तो लिफ्टा दुरुस्त करतो. रविवारी दोघे त्याच बाकावर असतात. मेजाशी दोघांपैकी कुणी आलेलं नाही, आणि मी विचारत नाही. मी अलीकडे पत्रं जरा लांब लिहितो.

एक मागणं आहे, म्हणजे मी सुटतो. तुमच्या प्रार्थनेत फर्शीदचं नाव घ्याल हे मला माहीत आहे, पेगी-ॲनचंही घ्याल. त्यांच्याबरोबर त्या न्यायाधीश बाईंची आठवण ठेवा. आम्ही अकरा म्हातारे दोनशे वर्षांचा प्रश्न घेऊन बसतो, शेवटी स्तोत्र गातो आणि उत्तर न देता घरी जातो. त्यांना तसं उठता येत नाही. त्या खोलीत एकटीने बसून दर आठवड्याला कुणाच्या तरी काळजाचा निकाल त्यांना लिहून द्यावा लागतो. त्यांचं नाव मी विचारलं नाही. नावाशिवाय आठवा, पोचेल.